दुसऱ्या बॅटरीची वही

गाडी चालू आहे म्हणजे बॅटरी भरते आहे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरत आलो. बॅटरी बसली की शेजाऱ्याकडून जम्प घ्यायचा, नाहीतर चौघांनी मिळून धक्का मारायचा, आणि मग तासभर गाडी फिरवून आणायची. जुन्या गाड्यांना हा उपाय लागू पडायचा. गेल्या काही वर्षांत आलेल्या बऱ्याच गाड्यांना तो पुरता लागू पडत नाही. ज्यांनी गाडीत फ्रिज, दिवे, पंखा, लॅपटॉप यांसाठी दुसरी बॅटरी बसवून घेतली आहे, त्यांची तर यात फसगतच होते. बंगळुरूत हे जास्त जाणवतं, कारण इथे गाडी रस्त्यावर असते खूप वेळ आणि धावते थोडा वेळ. टॉमटॉमच्या २०२२ सालच्या पाहणीत या शहराच्या मध्यभागात १० किलोमीटरला सरासरी २९ मिनिटं लागत होती.

*

अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज काढणारं यंत्र. जुन्या अल्टरनेटरचा रेग्युलेटर त्याच्या पोटातच असतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.४ व्होल्ट, मग रस्ता घाटाचा असो की सपाटीचा. शिशाची पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात १२.७ व्होल्टच्या आसपास असते, अर्धी उतरली की १२.२ च्या. चौदाच्या आगेमागे दाब मिळाला की ती निमूट भरत जाते. अशा गाडीत दुसरी बॅटरी बसवणं हे एका दुपारचं काम होतं. दोन्ही बॅटऱ्यांच्या मध्ये एक रिले टाकायचा. दाब १३.३ व्होल्टवर गेला की रिले जोडतो, १२.८ खाली आला की सोडतो. पहिली बॅटरी सेल्फसाठी राखून राहते, दुसरी वापरायला मोकळी. अनेक वर्षं हे काम चोख चाललं आणि जुन्या गाड्यांत अजूनही चालतं.

*

नव्या गाड्यांतल्या स्मार्ट अल्टरनेटरला हुकूम येतो इंजिनाच्या संगणकाकडून, एका बारीक तारेवरून. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर चिमट्यासारखा एक सेन्सर बसवलेला असतो. तो आत-बाहेर जाणारा प्रवाह, व्होल्टेज आणि तापमान मोजून संगणकाला कळवतो. चालकाने ॲक्सिलरेटर सोडला किंवा ब्रेक दाबला की संगणक म्हणतो, आता वीज काढ. व्होल्टेज १४.८ वर जातं, काही गाड्यांत १५ वर. पुन्हा वेग घेतला की म्हणतो, आता थांब. मग १२.५ च्या आसपास येऊन अल्टरनेटर जवळजवळ रिकामाच फिरतो.

यामागे हिशेब आहे इंधनाचा. अल्टरनेटर पट्ट्यावर चालतो. एक किलोवॅट वीज काढायची तर इंजिनाने त्या पट्ट्याला दीड ते दोन किलोवॅट द्यावे लागतात. तेच काम उतारावर किंवा ब्रेक मारताना केलं तर जी ऊर्जा नुसती तापून वाया गेली असती तिची वीज होते. आपल्याकडे मोटारकंपन्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर २०१७ पासून मर्यादा आली, किलोमीटरला १३० ग्रॅम. २०२२ मध्ये ती ११३ वर आणली गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे उत्सर्जनाचे नियम आले. एकेक ग्रॅम वाचवायची निकड झाल्यावर अल्टरनेटरसारख्या सतत खाणाऱ्या यंत्राकडे लक्ष जाणं ओघानेच आलं.

आणखी एक गोष्ट गाडीवाल्यांना ठाऊक नसते. संगणक मुख्य बॅटरी मुद्दामच काठोकाठ भरू देत नाही. ब्रेकमधून येणारी वीज साठवायला जागा हवी म्हणून ती थोडी रिकामी ठेवली जाते. तेव्हा नव्या गाडीच्या बॅटरीवर १२.५ दिसलं की लगेच ती खराब झाली असं समजू नये.

*

आता जुना रिले या नव्या गाडीत टाकून पाहा. गाडी सुरू झाल्यावर व्होल्टेज चढतं, रिले जोडतो. हमरस्त्याला लागून सलग वेगात चाललात की संगणक व्होल्टेज उतरवतो, रिले सोडतो. मग टोलनाक्यापाशी ब्रेक दाबला की पुन्हा जोडतो. दिवसभर ही कटकट चालते आणि दुसऱ्या बॅटरीच्या पदरात पडतात ते सुटे-सुटे तुकडे. शिशाची बॅटरी अशी कायम अर्धवट राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि वर्ष-दीड वर्षात ती कामातून जाते.

काही जण व्होल्टेज पाहणारा रिले काढून किल्लीवर चालणारा साधा रिले टाकतात. त्याने आणखी वाईट होतं. दुसरी बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर भरलेल्या स्थितीत ती १३.३ व्होल्टच्या आगेमागे असते. अल्टरनेटर १२.५ वर उतरलेला. पाणी उताराकडे जावं तसा प्रवाह उलटा फिरतो आणि तुमची महागडी बॅटरी गाडीचे हेडलाइट आणि एसीचा पंखा चालवू लागते. रात्री मुक्कामी पोहोचलात की फ्रिजला काही उरलेलं नसतं. माणूस म्हणतो, बॅटरी डुप्लिकेट निघाली. बॅटरीचा यात काडीचाही दोष नसतो.

*

तुमच्या गाडीत कुठला अल्टरनेटर आहे हे ओळखायला गॅरेजची गरज नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारा छोटा व्होल्टमीटर घ्या आणि शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगा. चालवताना स्वतः वाचू नका. वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवल्यावर आकडा सतत चौदाच्या आसपास राहिला तर जुना. साडेबारा आणि पंधराच्या मध्ये वरखाली होत राहिला तर नवा. निगेटिव्ह टर्मिनलवर तारा निघालेला जाडसर चिमटा दिसला तर शंका जवळजवळ मिटलीच. हेडलाइट लावून ठेवले की काही गाड्या व्होल्टेज वर धरतात, त्यावर विसंबून बरेच जण दिवसाही दिवे लावून फिरतात. काही गाड्यांत ही युक्ती चालते, काहींत नाही. तिच्यावर फ्रिजमधली औषधं सोपवू नयेत.

*

अल्टरनेटर आणि बंगळुरू यांचं नातं जुनं आहे. बॉशच्या सेल्फ आणि अल्टरनेटरच्या विभागाचा कारखाना नागनाथपुऱ्यात, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या अलीकडे. हा विभाग बॉशने विकला आणि २०१८ पासून तो सेग ऑटोमोटिव्ह या नावाने चालतो. म्हणजे ज्या यंत्राबद्दल ही टिपणं लिहितो आहे ते याच शहराच्या दक्षिण टोकाला घडतं.

मराठी माणसाला आणखी एक धागा जवळचा वाटावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ मध्ये किर्लोस्कर इलेक्ट्रिक उभी राहिली ती बंगळुरूत. पुढे १९९७ मध्ये टोयोटा किर्लोस्कर आली, तिचा कारखाना बिडदीला, म्हैसूरच्या वाटेवर. त्या बिडदीत तयार होणाऱ्या इनोव्हा हायक्रॉसच्या हायब्रिड गाडीत तर अल्टरनेटरच नाही. तिची १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या हायब्रिड बॅटरीतून, डीसी ते डीसी कन्व्हर्टरमार्फत भरते.

*

कारखान्यातूनच दोन बॅटऱ्या घेऊन आलेल्या गाड्या आपल्या रस्त्यांवर कधीच्या आहेत, आणि त्यांच्या मालकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. सुझुकीने जपानमध्ये २०१२ च्या वॅगन आरमध्ये एक योजना आणली. शिशाच्या बॅटरीच्या जोडीला सीटखाली एक छोटी लिथियम बॅटरी, आणि अल्टरनेटर मुख्यतः गाडीचा वेग कमी होताना वीज काढणार. ती लिथियम बॅटरी तोशिबाची, टायटनेट प्रकारची. या प्रकारचा एक सेल २.४ व्होल्टचा असतो, पाच सेल ओळीत लावले की बरोबर १२ व्होल्ट. त्यामुळे ती शिशाच्या बॅटरीच्या जोडीला सहज नांदते. शिवाय टायटनेट सेल झटक्यात वीज घेतो आणि हजारो वेळा भरला-उतरला तरी टिकतो. ब्रेकच्या चार-पाच सेकंदांत येणारा लोंढा शिशाला पेलवत नाही, टायटनेटला पेलवतो.

आपल्याकडे मारुतीने २०१५ मध्ये सियाझ आणि एर्टिगाच्या डिझेल गाड्यांत स्मार्ट हायब्रिड आणलं, तेव्हा बॅटरी शिशाचीच होती. २०१८ च्या पेट्रोल सियाझमध्ये आणि त्याच वर्षीच्या नव्या एर्टिगात जोडीला लिथियम बॅटरी आली. अल्टरनेटरच्या जागी असलेलं यंत्र वीजही काढतं, इंजिनही चालू करतं आणि वेग घेताना थोडा हातभारही लावतं.

यातून घेण्यासारखं एकच आहे. गाडी बनवणाऱ्यांनी दुसरी बॅटरी लावली तेव्हा रसायन, व्होल्टेज आणि संगणकाची आज्ञा यांचा मेळ आधी घातला. आपण बाजारातून आणून लावतो तेव्हा तो मेळ घालणारं कुणीतरी मध्ये लागतं. ते काम डीसी ते डीसी चार्जर करतो.

*

हा चार्जर एका बाजूने १२.५ असो की १५, जे मिळेल ते घेतो, आणि दुसऱ्या बाजूने बॅटरीला हवं तेच देतो. लिथियम फॉस्फेटला १४.२ ते १४.६, शिशाच्या बंद बॅटऱ्यांपैकी एजीएमला १४.४ ते १४.७, जेलला त्याहून कमी. प्रवाहही बांधून देतो, २० अँपिअर म्हणजे २०, ३० म्हणजे ३०. उलटा प्रवाह होऊ देत नाही. ऑस्ट्रेलियाच्या रेडार्क आणि नेदरलँड्सच्या व्हिक्ट्रॉनचं या क्षेत्रात नाव आहे. किंमत रिलेच्या कितीतरी पट असते. मी तरी स्मार्ट अल्टरनेटरच्या गाडीला दुसरा पर्याय सांगणार नाही. बॅटरीच्या किमतीत काटकसर करा, हवी तर लहान घ्या, पण चार्जर वगळू नका.

प्रवाह बांधून देण्याला बंगळुरूत विशेष महत्त्व आहे. लिथियम बॅटरीचा आतला रोध फार कमी. थेट जोडली तर ती अल्टरनेटरकडे असेल तेवढं सगळं मागते आणि बराच वेळ मागत राहते. अल्टरनेटरला थंड ठेवणारा पंखा त्याच्याच दांड्यावर बसवलेला असतो. सिल्क बोर्डच्या चौकात गाडी उभी, इंजिन आयडलवर, पंखा मंद, बॉनेटखाली हवा तापलेली, आणि मागणी मात्र पूर्ण. अशा वेळी आधी डायोड जातात, नाहीतर वाइंडिंग जळतं. महामार्गावर वर्षभर निभावलेली जोडणी शहराच्या एका आठवड्यात मान टाकू शकते.

*

चार्जरला इंजिन चालू आहे हे कसं कळतं? जुन्या प्रकारचे चार्जर व्होल्टेज पाहून ठरवतात. स्मार्ट अल्टरनेटरपुढे ते गोंधळतात, कारण १२.५ हा आकडा चालत्या गाडीचाही असतो आणि उभ्या गाडीचाही. म्हणून किल्लीची एक सिग्नल वायर द्यावीच लागते.

इथे सिग्नलवर बंद पडणाऱ्या इंजिनाचा प्रश्न येतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत लाल दिव्यावर इंजिन थांबतं पण किल्ली चालूच असते. चार्जर भाबडेपणाने मुख्य बॅटरीतून ओढत राहतो, ३० अँपिअरचा असेल तर आत जवळजवळ ३८. दोन मिनिटांच्या सिग्नलला सव्वा अँपिअर-तास गेला. असे पंधरा सिग्नल लागले तर मुख्य बॅटरीचा चांगला लचका तुटतो. उपाय दोन आहेत. एकतर सिग्नल वायर किल्लीऐवजी अशा ठिकाणाहून घ्यायची जिथे फक्त इंजिन फिरतानाच वीज असते. नाहीतर शहरात स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद ठेवायचं. पहिला उपाय चांगला, पण त्याला जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन हवा.

*

तांब्याचा हिशेब. इंजिनापासून डिकीपर्यंत पाच मीटर, जाऊन-येऊन दहा. ३० अँपिअरच्या चार्जरला ३८ अँपिअर आत लागतात. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये १.१ व्होल्ट वाटेतच मरतो. साडेबाराचे ११.४ पोहोचतात आणि चार्जर व्होल्टेज कमी म्हणून बंद पडतो. १६ चौरस मिलिमीटर घेतली तर तोटा ०.४ व्होल्टवर येतो.

सदर पत्रप्पा रोडवर, म्हणजे सगळे ज्याला एसपी रोड म्हणतात तिथे, वायरचं एकेक दुकान पाहत बसावं असं आहे. पण घेताना केबलचं टोक खरवडून पाहा. वरून तांबडी आणि आतून पांढरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे. तिचा रोध जास्त, आणि कंपनाने ती लवकर तुटते. लग दाबायला हायड्रॉलिक क्रिम्पर असलेला माणूस शोधा. हातोडीने ठोकलेला लग तापतो. आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांपाशी, टर्मिनलच्या शक्य तितका जवळ. मधल्या केबलला दोन्ही टोकांकडून वीज येऊ शकते, म्हणून एका फ्यूजवर भागत नाही. केबल पत्र्याच्या भोकातून नेताना रबरी ग्रोमेट हवाच. अशा एखाद्या घासलेल्या जागेपाशी गाडीत आग लागू शकते.

*

अर्थिंगची बाब छोटी, पण सर्रास चुकणारी. दुसऱ्या बॅटरीची निगेटिव्ह वायर थेट मुख्य बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आवळली तर तो प्रवाह सेन्सरला वळसा घालून जातो. संगणकाला वाटतं बॅटरीतून काहीच गेलं नाही. त्याचा हिशेब दिवसेंदिवस चुकत जातो आणि एका सकाळी सेल्फ लागत नाही. निगेटिव्ह चासिसवर घ्यावी, रंग खरवडून, बोल्ट पक्का करून. मग जाणारा-येणारा सगळा प्रवाह सेन्सरमधूनच मोजला जातो.

*

किती वेळ चालवलं की किती भरतं? चाळीसेक लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज दिवसाला साधारण ३० ते ४० अँपिअर-तास खातो, उन्हाळ्यात जास्त. १२ मार्च २०२३ ला बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती मार्गाचं उद्घाटन झालं. ११८ किलोमीटर, दीड तासाच्या आसपास. ३० अँपिअरच्या चार्जरने तेवढ्या वेळात ४५ अँपिअर-तास आत जातात. एका दिवसाचा फ्रिज सुटला.

आपली माणसं गावी निघतात ती तुमकुरू, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, निपाणी या वाटेने. बेळगावपर्यंतच पाचशे किलोमीटर. एवढ्या प्रवासात १०० अँपिअर-तासाची रिकामी लिथियम बॅटरीही काठोकाठ होते. शिशाच्या बॅटरीचं तसं नसतं. शेवटचा पाचवा भाग ती अगदी सावकाश घेते, कितीही मोठा चार्जर लावा. तिला अधूनमधून घरच्या चार्जरवर रात्रभर ठेवणं भाग आहे. छतावर शंभर वॅटचं सौर पॅनेल असेल तर तेही हे शेवटचं सावकाश काम छान करतं.

*

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच आहे, म्हणून हवा थंड राहते आणि बॅटरीला हे मानवतं. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य दर १० अंशाच्या वाढीला ढोबळमानाने निम्मं होतं. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हात बॅटरी इथल्यापेक्षा लवकर जाते याचं कारण तेच. दुसरी बॅटरी बॉनेटखाली कोंबण्यापेक्षा डिकीत किंवा सीटखाली ठेवलेली बरी. तिथे पाणी घालायची साधी बॅटरी मात्र ठेवू नये, चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते. बंद जागेत एजीएम किंवा लिथियम फॉस्फेटच.

*

वीजगाडीवाल्यांना वाटतं हा प्रश्न त्यांचा नाही. पण आजच्या जवळजवळ प्रत्येक वीजगाडीत मोठ्या बॅटरीशिवाय १२ व्होल्टची एक छोटी असतेच. कुलपं, पडदा, संगणक, मोठ्या बॅटरीला जोडणारा कॉन्टॅक्टर, सगळं तिच्यावर. ती बसली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. ह्युंदाईने जून २०२४ मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या हीच छोटी बॅटरी भरणाऱ्या भागातल्या दोषासाठी.

*

दुसऱ्या बॅटरीकडे हौशी भटक्यांची चैन म्हणून पाहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं. फिरत्या दवाखान्यात लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाचा लांबचा प्रवास छोट्या फ्रिजवर अवलंबून असतो. फूड ट्रकवाल्याचं रात्रीचं दूध-पनीर, रुग्णवाहिकेतला सक्शन पंप आणि मॉनिटर, हे सगळं त्याच तारेच्या टोकाला आहे. अशा गाड्यांच्या निविदांत बॅटरी किती अँपिअर-तासाची ते लिहिलेलं असतं. ती चालत्या गाडीत कशी भरणार याची एक ओळही त्यात सापडली पाहिजे.

*

दुसरी बॅटरी बसवून घेणार असाल तर गाडीचं मूळ वायरिंग हार्नेस कुणाला कापू देऊ नका, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्याला शेजारी बसवा, गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, आणि सलग साठच्या वेगात असताना दुसऱ्या बॅटरीवर क्लॅम्प मीटर लावायला सांगा. ३० अँपिअरच्या चार्जरला उतरलेल्या बॅटरीवर २८-३० दिसले तर काम चांगलं झालं. पाच-सात दिसले किंवा प्रवाह उलटा दिसला, तर गाडी तशीच परत गॅरेजला न्या.